सांगली हेडक्वार्टर

औषध कंपनीच्या माणसाला डॉक्टर आत का बोलवायचे? १९९०च्या सुमाराला याचं उत्तर सोपं होतं. त्याच्याकडे बातमी असायची. त्या काळात टायफॉइडचे जंतू क्लोरॅम्फेनिकॉलला दाद देईनासे झाले होते. आठवडा उलटला तरी पोराचा ताप उतरत नाही म्हणून विटा-आटपाडीकडचा डॉक्टर हैराण असायचा, आणि मिरजेच्या मेडिकल कॉलेजात सध्या काय देतात हे त्याला सांगणारं कुणी नसायचं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलंय, डोस किती, किती दिवस, लहान मुलांना देताना कंपन्या का कचरतात, एवढं सगळं घेऊन एसटीनं पोचायचा तो एमआर, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, वर उलटतपासणीही व्हायची. उत्तर आलं नाही तर कंपनीच्या मेडिकल विभागाला पत्र टाकायचं आणि पुढच्या फेरीत ते घेऊन जायचं.

आम्ही एमआर काही ज्ञानदानाला निघालो नव्हतो, हेही खरं. १९७०च्या पेटंट कायद्यानं औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट दिलं. त्यामुळे एकच औषध वेगळ्या रीतीनं बनवून पाचपन्नास कंपन्या पाचपन्नास नावांनी विकू लागल्या. गोळी तीच. पेनातून कुठलं नाव उतरतं, एवढाच प्रश्न. शिवाय १९७९ साली किंमत नियंत्रणाखाली ३४७ औषधं होती, १९९५पर्यंत ती ७४वर आली. नफ्याला वाव झाला, कंपन्या वाढल्या आणि त्यांची माणसंही. १८९४पासूनच्या मिशन हॉस्पिटलमुळे मिरज आधीच दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातूनही पेशंट येणारं. तिथल्या ओपीडीबाहेर पेशंटांपेक्षा टायवाले जास्त दिसू लागले, तेव्हा ‘एमआर फक्त मंगळवार, शुक्रवार’ अशा पाट्या लागल्या. मला त्या पाट्यांचा कधी राग आला नाही. आजारी माणसानं आमच्यामुळे ताटकळावं हे बरं दिसत नव्हतंच.

कामाची वाटणी भत्त्यावरून कळायची. सांगली हेडक्वार्टर. तासगाव, इस्लामपूर एक्स-स्टेशन, म्हणजे संध्याकाळी घरी. जत, आटपाडी आउटस्टेशन, म्हणजे लॉजवर मुक्काम आणि वाढीव डीए. टूर प्रोग्राम महिनाभर आधी मंजूर करून घ्यायचा. रात्री खाटेवर बसून कार्बन घालून डीसीआर, म्हणजे दिवसभराच्या भेटींचा अहवाल, भरायचा नि सकाळी पोस्टात टाकायचा. कोण कुठे होता हे साहेबाला आठवड्यानं कळायचं, तेही आम्ही सांगू तेवढंच. या खात्यात कल्पित साहित्याची निर्मिती बरी होती. काहींच्या न झालेल्या भेटींची वर्णनं झालेल्यांपेक्षा सरस असत.

मात्र केमिस्टच्या काउंटरवर थाप चालत नसे. डॉक्टर तोंडावर ‘लिहितो हो तुमचं’ म्हणत, आणि खरंच लिहितात का ते केमिस्ट सांगे. त्या चौकशीला आरसीपीए असं भारदस्त नाव होतं. पण तीही शिष्टाचारानं करावी लागे. गर्दीच्या वेळी जायचं नाही, आधी एक्स्पायरीचा माल परत घ्यायचा, मग विचारायचं. नियंत्रणातल्या औषधावर दुकानदाराला १६ टक्के सुटायचे, बाहेरच्यावर २०. दोन्ही ब्रँड शेजारी असले की त्याचा हात कुठे जाणार हे ओळखायला एमबीए लागत नव्हतं. माझ्या मते या धंद्याचं खरं शिक्षण त्या काउंटरवर झालं, विक्रीच्या आढाव्यासाठी भरणाऱ्या सायकल मीटिंगच्या एसी हॉलमध्ये नाही.

महिनाअखेर मात्र सगळं शहाणपण गुंडाळून ठेवावं लागे. टार्गेट भरायला स्टॉकिस्टच्या पाया पडायचं, ‘आता उचला, पुढच्या महिन्यात परत पाठवा’. कंपनीच्या कागदावर विक्री झालेली असे आणि माल गोदामात धूळ खात. हे वरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढे बातमीच संपली. दहावा सिप्रो घेऊन आलेला माणूस डॉक्टरला नवीन काय सांगणार? मग इंटरनेट आलं आणि उरलंसुरलंही गेलं. ती रिकामी जागा भेटवस्तूंनी भरली. पेन, कॅलेंडर, पेपरवेट इथवर गंमत होती. पुढे घरातल्या वस्तू आल्या, मग सहली. डिसेंबर २००९मध्ये मेडिकल कौन्सिलनं डॉक्टरांना यातलं काहीही घ्यायला मनाई केली, तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांना हायसं वाटलं. बंद मात्र झालं नाही, कारण नियम घेणाऱ्याला होता, देणाऱ्याला नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की असल्या खर्चावर कंपन्यांना करात वजावट नाही. मार्च २०२४च्या सरकारी संहितेनं सॅम्पलांनाही शिस्त लावली, एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला जास्तीत जास्त १२ पाकिटं. इतकी वर्षं पाकिटं पोचवायला एमआर आणि बदनामीतही एमआर पुढे. देण्याचा निर्णय त्यानं कधीच घेतला नव्हता.

मार्च २०२०मध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबातून करोना पसरला आणि आमचं एक्स-स्टेशन रातोरात नकाशावर आलं. दवाखान्याची दारं बंद. कंपन्यांनी घरून व्हिडिओवर डिटेलिंग, म्हणजे औषधाची माहिती देणं, सुरू करायला लावलं. डॉक्टर पीपीई किटमध्ये घामाघूम, आणि आम्ही मोबाइलवर व्हिटॅमिनच्या गोळीच्या स्लाइड दाखवतोय. लाज वाटावी असं काम होतं ते. पण त्यातून कंपन्यांना एक कळलं, माणूस कुठे आहे हे क्षणाक्षणाला पाहता येतं. आता टॅबमधलं अ‍ॅप दवाखान्यासमोर उभं राहिल्याशिवाय भेट नोंदवू देत नाही. खोट्या भेटी संपल्या हे चांगलंच झालं. मात्र खऱ्या भेटीला डॉक्टर अर्धं मिनिट देतात, तेही उभ्यानं, आणि तेवढ्या वेळात बोलण्यासारखं त्या पोरांना कंपनीनं काही दिलेलं नसतं.

आम्ही लागलो तेव्हा या टेरिटरीत एकही बाई नव्हती. आता बीफार्म झालेल्या मुली स्कूटीवर बॅग अडकवून फिरतात, आणि केमिस्टकडून माहिती काढण्यात त्या आमच्यापेक्षा तरबेज आहेत. कुठल्या दवाखान्यासमोर त्या किती मिनिटं थांबल्या हे अ‍ॅप साहेबाला मिनिटागणिक सांगतं. जतच्या दिवशी सकाळी निघून संध्याकाळपर्यंत त्यांनी बाथरूमला कुठे जायचं, याचा रकाना कार्बनच्या डीसीआरमध्ये नव्हता आणि अ‍ॅपमध्येही नाही. ती यादी त्यांनी आपसात व्हॉट्सअ‍ॅपवर केली आहे, डॉक्टरांच्या नावांसकट.