‘रोजा आहे’ एवढेच पुरते

रमजानमध्ये कोंढ्याच्या बाजारात कुणी ओळखीचा चहाचा कप पुढे करतो. “नको भाऊ, रोजा आहे,” असे उत्तर मिळते. चहा देणारा रागावत नाही, नाकारणारा ओशाळत नाही. दोघेही हसून आपापल्या वाटेने जातात.

मग एरवी साधा नकार तोंडातून का निघत नाही? नातेवाईक कर्जाला जामीन राहायला सांगतो, शेजारी हंगामाच्या तोंडावर उसने मागतो. मनात ‘नाही’ असते, तोंड ‘हो’ म्हणून जाते. भीड ही भिकेची बहीण, असे जुनी माणसे म्हणतात ते उगाच नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. भिडेपोटी केलेली एक सही आपल्याच घरच्या धानाच्या पैशावर येऊन पडते. पैसा जातोच, नातेही जाते.

इस्लाम दानाचा आग्रह धरतो, तसा नकाराचा रस्ताही दाखवतो. मागणाऱ्याला द्यायला जवळ काही नसेल तर त्याच्याशी निदान मृदू बोला, अशी शिकवण कुरआनच्या ‘बनी इस्राईल’ या अध्यायात आहे. लगेच पुढच्या आयतीत सांगितले आहे की हात अगदी आखडू नका आणि पश्चात्ताप व्हावा इतका मोकळाही सोडू नका. ‘नूर’ अध्यायात तर दारात आलेल्यालाच सांगितले आहे : घरच्यांनी ‘परत जा’ म्हटले तर परत जावे.

सहीह बुखारीत हजरत बरीरा यांची हकीकत आहे. त्या गुलामगिरीतून मुक्त झाल्या, तेव्हा गुलाम असलेल्या पतीजवळ राहायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्यांना मिळाला. पती मुगीस रडत त्यांच्या मागे फिरत. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बरीरा यांना परत जाण्याविषयी सुचवले. त्यांनी विचारले, ही आज्ञा आहे का? प्रेषित म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतो. तेव्हा बरीरा यांनी नम्रपणे पण स्पष्ट नकार दिला. प्रेषितांनी तो मान्य केला. कालपर्यंत गुलाम असलेली स्त्री साक्षात प्रेषितांच्या विनंतीला ‘नाही’ म्हणू शकली, तर जावयाला, साहेबाला किंवा मित्राला ‘नाही’ म्हणणे हा उद्धटपणा कसा ठरेल?

‘नाही’ म्हणायचेच असेल तर ते लवकर आणि थोडक्यात म्हणावे. ‘बघू’ म्हणून समोरच्याला आशेवर ठेवू नये. मनात करायचे नसताना ‘इन्शाअल्लाह’ म्हणून वेळ मारून नेणे तर त्या शब्दाशीच बेईमानी. “जामीन राहणे जमणार नाही, पण बँकेत सोबत येतो,” असे म्हटले तर मदतही होते आणि मर्यादाही राहते.

नकार ऐकून घेणे हाही संयमच. घरी न विचारता वीस जणांना इफ्तारचे आमंत्रण देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. चुलीपुढची बाईही पहाटे सहरीसाठी सगळ्यांच्या आधी उठलेली असते, तिचाही रोजा असतो. “आज जमणार नाही,” असे ती म्हणाली, तर तिचा शब्दही ‘रोजा आहे’ इतक्याच सहज मानला जावा.