मुंबईत लाईट क्वचितच जाते. मग नेमक्या त्या वेळी यूपीएस दगा का देतो?

२७ फेब्रुवारी २०२२, रविवार. सकाळी दहाच्या सुमारास सायन, माटुंगा, दादर, परळपासून भायखळा, सीएसएमटी, चर्चगेटपर्यंत वीज गेली. लोकलही थांबल्या. तासाभराने पुरवठा सुरळीत झाला.

त्याआधी १२ ऑक्टोबर २०२० रोजी तर जवळपास सगळी मुंबई ठप्प झाली होती. मोठ्या ग्रिडमध्ये बिघाड झाला, तर शहराला त्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर चालू ठेवणारी 'आयलंडिंग' यंत्रणा मुंबईकडे १९८१ पासून आहे. शहराचा यूपीएसच म्हणा ना. पण त्या दिवशी ती टिकली नाही. ते दिवस वर्क फ्रॉम होमचे होते आणि मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा चालू होत्या. त्यातल्या काही पुढे ढकलाव्या लागल्या.

अशा सकाळी अनेकांच्या टेबलाखालचा यूपीएस दोनदा 'पीप' करून गप्प होतो. आदल्या दिवसापर्यंत त्याचा हिरवा दिवा छान लागलेला असतो.

हिरवा दिवा नेमकं काय सांगतो?

फक्त एवढंच, की भिंतीतून वीज येतेय. बॅटरी किती तग धरेल याबद्दल तो काहीच बोलत नाही.

कॉम्प्युटरसोबत मिळणाऱ्या साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. ती चोवीस तास हलक्या चार्जिंगवर असते आणि तशीच म्हातारी होत जाते. आतलं पाणी हळूहळू कमी होतं, प्लेट गंजतात, आतला रोध वाढतो. तीन ते पाच वर्षांत तिचं आयुष्य संपतं, तेही खोलीचं तापमान २५ अंशांच्या आसपास असेल तर. त्यावर दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे. मे महिन्यात परळच्या एखाद्या वरच्या मजल्यावर, फ्रिजच्या मागे कोंबलेल्या यूपीएसचं काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

जिथे रोज भारनियमन असतं, तिथे इन्व्हर्टरची परीक्षा रोजच होते. बॅटरी थकली की आठवड्याभरात घरात कळतं. दक्षिण आणि मध्य मुंबईत बेस्टची वीज सहसा जात नाही, म्हणून ही परीक्षा वर्षानुवर्षं होतच नाही. ती आपणच घ्यायची.

मल्टिमीटर लावून बघितला तर?

बघा, पण त्यावर विसंबू नका. चार्ज करून, यूपीएस बंद ठेवून काही तासांनी मोजल्यावर चांगली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ च्या खाली आकडा आला तर शंका घ्या. उलट बाजूने मात्र भरवसा नाही. माझ्या घरच्या सहा वर्षं जुन्या बॅटरीने मीटरवर झकास १२.८ दाखवले होते. शंभर वॅटचा बल्ब लावताच यूपीएस अर्ध्या मिनिटात बंद पडला. रिकामं बसलेलं असताना सगळेच धडधाकट दिसतात. खरी परीक्षा भार टाकल्यावरच होते.

भार टाकून तपासायचं कसं?

यूपीएस आदल्या दिवसभर चार्जिंगला राहू द्या. कॉम्प्युटर काढून ठेवा आणि त्याजागी जुन्या पद्धतीचा, तारेचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब लावा. आता भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपटू नका, कारण प्लग निघाला की अर्थिंगही तुटतं. घड्याळ लावा.

शंभर वॅटच्या भारावर नवी बॅटरी साधारण वीस मिनिटं देते. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-अवर, मग पाऊण तास तरी चालायला हवं, असं वाटेल. पण ७ अँपिअर-अवर हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तरचा असतो. घाईने वीज ओढली की ती बरीच कमी देते.

मिळालेली मिनिटं तारखेसह कागदावर लिहून यूपीएसलाच चिकटवा. दर तीन महिन्यांनी, निदान पावसाळ्याआधी एकदा, त्याच बल्बवर पुन्हा मोजा. वेळ पहिल्यापेक्षा निम्मी झाली की बॅटरी बदला. चाचणी संपताच वीज लगेच चालू करा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की कायमची खराब होते.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर?

इथे मात्र हिशेब कडक ठेवा. पाच लिटरचं यंत्र साधारण साडेतीनशे वॅट घेतं. ६०० व्हीएच्या यूपीएसची मर्यादा बहुधा ३६० वॅटच असते. म्हणजे तो भार उचलेलच असं नाही, आणि उचलला तरी काही मिनिटंच. रुग्णासाठी भरलेला सिलिंडर घरात हवाच.

लालबाग-परळमधल्या टॉवरमध्ये राहत असाल तर आणखी एक बॅटरी तुमच्या भरवशाची असते. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणाऱ्या यंत्रणेची, म्हणजे एआरडीची. लिफ्टच्या देखभालीला येणाऱ्या तंत्रज्ञाला रिकामी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना पुरवठा बंद करून दाखवायला सांगा. 'चेक केलंय' एवढ्यावर सोसायटीने सही करू नये.

देखभाल आणि नवी बॅटरी

सीलबंद बॅटरीत पाणी घालायचं नसतं. इन्व्हर्टरच्या मोठ्या ट्युब्युलर बॅटरीत घालावं लागतं, आणि तेही डिस्टिल्ड वॉटरच. फिल्टरचं पाणी स्वच्छ दिसलं तरी त्यात क्षार असतात. यूपीएसच्या जाळीवरची धूळ पुसा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड दिसली तर ती साफ करून घ्या. आपल्या दमट हवेत ती लवकर धरते. बॅटरी फुगली असेल तर यूपीएस बंद करून ती कुशल माणसाकडून काढून घ्या.

लॅमिंग्टन रोडवर नवी घ्यायला गेलात तर किमतीआधी उत्पादनाची तारीख विचारा. न वापरलेली बॅटरीही आपोआप उतरते. वर्षभर दुकानात पडून असलेली बॅटरी नवीन म्हणता येणार नाही. यूपीएसमध्ये दोन बॅटऱ्या असतील तर दोन्ही एकदम बदला.

जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तिच्यात शिसं आणि आम्ल असतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून पुनर्वापरासाठी द्यायची असते. दुकानदार सहसा ती परत घेतो आणि नव्या बॅटरीच्या किमतीत थोडी सूटही देतो. बिल करण्याआधीच ते विचारून घ्या.