चितेगावचा टीव्ही फेकून द्यायचा का?

मुकुंदवाडीत राहणाऱ्या एका ताईंची ही हकीकत. त्यांचे यजमान पैठण रोडवरच्या टीव्हीच्या कारखान्यात लाइनवर कामाला होते. आज ते हयात नाहीत. त्यांनी हौसेने घेतलेला २१ इंची रंगीत संच मात्र घरात आहे. ताईंनी खोली बदलली, केबल सुटली. शेजाऱ्याने माळ्यावरचा जुना अँटेना काढून जोडून दिला. टीव्ही लावला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि खरखर.

ताई एका दुकानात चौकशीला गेल्या. दुकानदाराने संच न पाहताच सांगितले, "ट्यूब गेली. आता हा माल दुरुस्त होत नाही. नवा घेऊन जा, हप्ते बांधून देतो." ताई सहीला तयार झाल्या होत्या. पहिल्या हप्त्यासाठी हातात धरलेले पैसे मुलीच्या बारावीच्या फीचे होते. सुदैवाने गल्लीतले एक काका आडवे आले. काका त्याच कारखान्यातून कमी झालेले कामगार. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "वहिनी, मुंग्या दिसतात म्हणजे ट्यूब जिवंत आहे. संच चांगला आहे, त्याला चित्र मिळत नाही एवढेच."

काकांचे म्हणणे बरोबर होते. ट्यूब मेली असती तर पडदा काळा राहिला असता.

मग चित्र गेले कुठे? आपल्या देशात दूरदर्शन १९५९ साली दिल्लीत सुरू झाले, मुंबई केंद्र १९७२ साली आणि रंगीत चित्र १९८२ साली आले. त्या काळी छपरावर अँटेना लावला की काम भागत असे. पुढे तंत्र बदलले. केबलच्या बाबतीत आपल्या शहराला ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. त्यानंतर सेट-टॉप बॉक्सशिवाय केबल दिसेनाशी झाली. छपरावरच्या अँटेन्यासाठी चालणारी दूरदर्शनची जुन्या पद्धतीची बहुतेक प्रक्षेपण केंद्रेही २०२२ पर्यंत बंद करण्यात आली. म्हणून अँटेना कितीही फिरवा, मुंग्याच दिसणार. त्यात ना संचाचा दोष, ना आपला.

यावर स्वस्त उपाय आहे. दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश' ही सेवा २००४ सालापासून सुरू आहे. तिला महिन्याचे भाडे नाही. छत्री, बॉक्स आणि वायर यांचा खर्च एकदाच करायचा. सह्याद्री वाहिनी तिच्यावर दिसते. आपल्या शहरातून छत्रीचे तोंड आग्नेय दिशेला करावे लागते. त्या बाजूला उंच इमारत किंवा झाड आडवे येत नाही ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहून घ्या. बॉक्स घेताना त्याच्या पाठीमागे पिवळे, लाल आणि पांढरे अशी तीन गोल भोके आहेत का तेही पाहा. जुन्या संचाला त्याच तीन वायरी जोडायच्या असतात. पिवळी चित्राची, बाकीच्या दोन आवाजाच्या. संचाला आवाजाचे एकच भोक असेल तर पांढरी वायर लावा. जोडल्यावर रिमोटवरचे 'एव्ही' बटण दाबायला विसरू नका. पुष्कळ ठिकाणी एवढ्याच कारणाने "टीव्ही बिघडला" अशी ओरड होते.

काकांच्या बोलण्यात एक हळहळही होती. चितेगावच्या व्हिडिओकॉन कारखान्याने या भागातल्या पुष्कळ घरांची चूल पेटवली. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. त्यामुळे जुन्या संचाला कंपनीचा मेकॅनिक मिळेल ही आशा धरू नये. मात्र कंपनी बुडाली म्हणून वस्तू निकामी होत नाही. स्विच, फ्यूज, वायर, कपॅसिटर असले किरकोळ भाग बाजारात मिळतात आणि कसबी माणूस ते बदलून देतो. दुरुस्तीचा खर्च आधी विचारा, काढलेला जुना भाग परत मागा. खर्च नव्या संचाच्या निम्म्यापर्यंत जात असेल तर मात्र जुन्याचा मोह सोडावा.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. जुन्या संचाचे मागचे झाकण घरी उघडू नका. पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टहून अधिक दाब लागतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ आत साठून राहतो. तरुण पोरांना हे मुद्दाम सांगा.

आता विजेचा हिशेब. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट होते. जुना २१ इंची संच साधारण १०० वॅट धरा. रोज पाच तास चालला तर महिन्याला १५ युनिट. ३२ इंची एलईडी साधारण ५० वॅट धरला तर साडेसात युनिट. म्हणजे नव्याने वीज वाचते हे खरे, पण महिन्याला साडेसात युनिटांच्या बचतीतून नव्या संचाची किंमत निघायला कित्येक वर्षे लागतील. उलट सेट-टॉप बॉक्स रात्रंदिवस चालू राहिला आणि तो १० वॅटचा असेल, तर तो एकटाच महिन्याला सात युनिट खातो. रिमोटने बंद करून भागत नाही. भिंतीवरचे बटण बंद करा. वीज कडाडत असेल तर पिन आणि छत्रीची वायर दोन्ही आधीच काढून ठेवा.

नवा संच घ्यायचाच झाला तर घाई नको. पाठीवर मानक ब्युरोचा 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. स्टार किती आहेत ते पाहा. पक्की पावती आणि दुकानाचा शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घ्या. "बिनव्याजी हप्ते" ऐकून भुलू नका. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याज कुठे तरी फीमध्ये किंवा किमतीत दडलेले असते. दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: रोख घेतला तर किती? सगळे हप्ते आणि फी मिळून किती? दोन आकड्यांमधला फरक म्हणजेच व्याज.

फसवणूक झाली तर गप्प बसू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे निभावले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. पावती मात्र हवी. घरातल्या पावत्या एका पिशवीत घालून रेशन कार्डाजवळ ठेवण्याची सवय लावून घ्या.

आणि संच खरोखरच संपला असेल तर तो उकिरड्यावर टाकू नका, फोडूही नका. ट्यूबच्या काचेत शिसे असते आणि गल्लीतली लेकरे तिथेच खेळत असतात. अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच तो द्या.

ताईंच्या छपरावर आता छत्री बसली आहे. यजमानांचा संच संध्याकाळी दोन तास चालतो. मुलीची फी वेळेवर भरली गेली. दुकानात सही करण्याआधी घरी येऊन एका जाणत्या माणसाला विचारले, एवढ्यानेच हे झाले. आपल्या वस्तीत असे जाणते हात पुष्कळ आहेत. कारखाने बंद पडले तरी त्यांचे कसब शिल्लक आहे. त्यांना विचारायला लाजू नका आणि त्यांच्या कामाचा मोबदला द्यायला विसरू नका.