कुत्र्यांचा गोचीडताप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘गोचीडताप’ या एका नावाखाली कुत्र्यांचे अनेक आजार मोडतात. बाबेसिया हा तांबड्या रक्तपेशींत वाढणारा एकपेशीय परजीवी, तर एर्लिकिया हा पांढऱ्या पेशींत वाढणारा जिवाणू असून, दोघांचे शरीरातील वास्तव्य वेगळे असल्यामुळे त्यांची गुंतागुंतही वेगळी असते.

गैरसमज : अंगावर गोचीड नाही, म्हणजे गोचीडताप नाही.

वस्तुस्थिती : तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ भिंतींच्या भेगांत आणि फरशीच्या सांध्यांत काढते व केवळ रक्त पिण्यापुरती कुत्र्याच्या अंगावर चढते, त्यामुळे लक्षणे दिसेपर्यंत ती बहुधा गळून पडलेली असते. शिवाय बाबेसिया गिब्सोनी ही जात कुत्र्यांच्या भांडणातील चाव्यांतून, तसेच गाभण मादीकडून पिल्लांकडेही जाऊ शकते.

गैरसमज : रक्त कमी झाले आहे, तेव्हा लोहाचे टॉनिक पुरेसे आहे.

वस्तुस्थिती : बाबेसियामुळे तांबड्या पेशी फुटतात आणि पुष्कळदा कुत्र्याची स्वतःची प्रतिकारशक्तीही त्या पेशींवर उलटते. फुटलेल्या पेशींतील लोह बहुतांशी शरीरातच राहत असल्याने येथे उणीव लोहाची नसून टिकणाऱ्या पेशींची असते. लघवी कॉफीसारखी गडद होणे, हिरड्या फिक्या किंवा पिवळ्या पडणे आणि धाप लागणे ही धोक्याची चिन्हे असून, उपचारांस विलंब झाल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

गैरसमज : ताप उतरला, कुत्रे जेवू लागले, म्हणजे आजार संपला.

वस्तुस्थिती : एर्लिकियाचा तीव्र टप्पा साधारणपणे 2 ते 4 आठवड्यांत ओसरतो, त्यानंतर कुत्रे महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे निरोगी भासते, पण जंतू शरीरात तग धरून राहिलेला असू शकतो. काही कुत्र्यांत पुढे अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतील रक्तपेशी घडवणारे ऊतक, मंदावते आणि रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट्स घटून नाकातून रक्त येते किंवा कातडीवर लाल ठिपके उमटतात. म्हणूनच डॉक्सिसायक्लीनचा सुमारे 4 आठवड्यांचा क्रम मध्येच सोडणे घातक ठरते.

गैरसमज : काचपट्टीवर जंतू दिसला नाही, म्हणजे संसर्ग नाही, आणि दिसलाच, तर एका इंजेक्शनने सारे भागते.

वस्तुस्थिती : रक्तात परजीवी विरळ असल्यास ते सूक्ष्मदर्शकातून निसटतात, म्हणून संशय कायम असल्यास जंतूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर तपासणी उपयोगी पडते. औषधही जातीनुसार बदलते : आकाराने मोठ्या बाबेसियावर गुणकारी असणारे इमिडोकार्ब गिब्सोनीवर अपुरे पडते आणि तेथे ॲटोव्हाक्वोन व ॲझिथ्रोमायसिन एकत्र वापरतात.

तापासाठी माणसांची आयबुप्रोफेनसारखी गोळी घरच्या घरी देणे तर कटाक्षाने टाळावे, कारण प्लेटलेट्स आधीच घटलेल्या कुत्र्यात ती जठरात रक्तस्राव घडवू शकते. गोचीड उपटून टाकणे आवश्यकच आहे, तथापि कुत्रे बरे झाल्याचा निर्वाळा त्याच्या स्वच्छ कातडीने नव्हे, तर उपचारानंतर पुन्हा तपासलेल्या रक्ताने द्यायचा असतो.