गजांआड – भाग 6 : कच्च्या कैद्याला माफी नाही

तुरुंगाच्या आत गुन्हा कशाला म्हणायचं, याची यादी 1894 च्या तुरुंग अधिनियमाच्या कलम 45 मध्ये आहे. हल्ला, पळून जाण्याचा कट, बंदी असलेली वस्तू बाळगणं हे त्यात असणारच. पण शिवीगाळ, कामात आळस, आजारपणाचं सोंग आणि हिस्टरी तिकिटात, म्हणजे कैद्याच्या नोंदीच्या कागदात, खाडाखोड हेही आहे. बाहेर ज्याला आपण फार तर कामचुकारपणा म्हणू, त्याची आत नोंद होते.

कैदी मुळातच वाईट, म्हणून तुरुंगात राडे होतात, हे सोपं उत्तर. ग्रेशॅम साइक्स या समाजशास्त्रज्ञानं न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या तुरुंगाचा अभ्यास करून 1958 मध्ये वेगळं मांडलं. स्वातंत्र्य, वस्तू, सहवास, स्वतःचा निर्णय आणि जिवाची शाश्वती हे सगळं काढून घेतलं की माणूस त्यातलं थोडंफार परत मिळवायच्या खटपटीला लागतो, मग ते तंबाखूची पुडी लपवून असो की एखाद्या भाईच्या आसऱ्याला जाऊन. चार वर्षांनी आयर्विन आणि क्रेसी या अभ्यासकांनी दुसरी बाजू दाखवली: कैदी बाहेरच्या सवयी आणि बाहेरची वैरं सोबत घेऊनच आत येतो. दोन्ही खरं आहे. तरुण कैदी जास्त भांडतात, हे तर देशोदेशी दिसलं आहे. उलट जन्मठेपवाला, ज्याची आपल्याला धास्ती वाटते, तो बहुधा शांत असतो. त्याला तिथंच संसार मांडायचा असतो.

आपल्याकडे मात्र मला तिसरंच कारण मोठं वाटतं. पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्याला चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत माफी मिळते, फर्लो म्हणजे रजा मिळते. गैरवर्तन केलं की माफीचे दिवस कापले जातात. जेलरच्या हातातलं खरं हत्यार हेच. पण खटला सुरू असलेल्या कच्च्या कैद्याला शिक्षाच झालेली नसते, तर माफी कशातून कापणार? आणि 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या 5 लाख 73 हजार कैद्यांपैकी 4 लाख 34 हजार कच्चे होते.

त्यात गर्दी. मुंबईच्या आर्थर रोड जेलची अधिकृत क्षमता अनेक वर्षं आठशेच्या आसपास होती, आणि आत अनेकदा तिप्पट-चौपट माणसं. बराकीत कूस बदलायची तरी शेजाऱ्याला उठवावं लागतं. नळ, संडास, पंख्याखालची जागा, प्रत्येक गोष्ट वादाला कारण. वरून तारखेची टांगणी. कोर्टात न्यायला पोलीस पार्टी मिळाली नाही की तारीख हुकते, जामिनाचं घोंगडं भिजत पडतं, आणि तो राग रात्री बराकीतच कुणावर तरी निघतो.

सगळा दोष कैद्यांच्या माथी मारता येत नाही. जून 2017 मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात दोन अंडी आणि पाच पावांचा हिशेब लागेना, म्हणून वॉर्डरचं काम करणाऱ्या एका कैदी बाईला बेदम मारहाण झाल्याचा आरोप झाला. ती दगावली. दुसऱ्या दिवशी बायका छतावर चढल्या, कागदपत्रं जाळली. सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि सुमारे दोनशे कैदी महिलांवर दंगलीचा. वहीत तो कैद्यांचा शिस्तभंग. पण ठिणगी कुठं पडली होती?

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला उलटं चित्र आहे. औंध संस्थानानं 1939 मध्ये कैद्यांची ही खुली वसाहत वसवली, व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा तीच. कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात, आणि तंटे क्वचित होतात. अर्थात तिथं माणसं पारखून पाठवतात, त्यामुळे सगळं श्रेय मोकळ्या हवेला देता येणार नाही. शिवाय ती पारख फक्त पक्क्या कैद्यांची होते. आर्थर रोडच्या कच्च्या कैद्यानं दोन वर्षं कुणापुढं ब्र काढला नाही, तरी त्याचं नाव त्या यादीत येत नाही.