मालमोटारींतील बिऱ्हाड व वीज

जळगांवाहून भुसावळकडे जातांना नशिराबाद लागतें. या रस्त्यावरील मालमोटारी आमच्या विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाच्या. पण मालमोटार हेंच बिऱ्हाडही होतें, हें जत्रांतून हिंडणाऱ्या तंबूंतील चित्रपटगृहांनीं महाराष्ट्रास दाखविलें. प्रक्षेपणयंत्र गाडींत आणि माणसेंही गाडींतच! २०१६ सालच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटांत हें जीवन पाहावयास मिळतें.

जुनी गाडी राहण्याजोगी करितांना पत्रा ठोकणें व रंग देणें सोपें. खरी परीक्षा विजेची. दिवे मिणमिणूं लागले कीं सारे बॅटरीस दोष देतात. आम्हींही एकदां तो दिला व नव्या बॅटरीचे पैसे पाण्यांत घातले. दोष गंजाचा होता. गाडींत दिव्याकडे बहुधा एकच तार जाते; विजेची परतीची वाट म्हणजे लोखंडी सांगाडा. जोडाच्या बोल्टाखालीं गंज चढला कीं ती वाट अडते. मिस्त्रीनें बोल्ट सोडवून, धातु घांसून, पुन्हां आवळतांच दिवे लख्ख झाले.

मोठ्या मालमोटारींत बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीस एक जोडून २४ व्होल्ट घेतात. त्यांतील एकीवरच घरचे दिवे लावूं नयेत. एक रिती राहते, दुसरी फाजील भरते, आणि दोन्ही बिघडतात. बिऱ्हाडास निराळी बॅटरी हवी, व तिच्या धन टोकाशींच फ्यूज हवा. इतक्या विजेचा झटका सहसा जाणवत नाहीं, म्हणून पुष्कळ जण हयगय करितात. परंतु उघडी तार सांगाड्यास टेकली तर ती लाल होते, आणि शेजारीं निजलेल्यांची गादी असते. तार तापण्यापूर्वीं फ्यूज वितळला पाहिजे. त्याच्या जागीं जाड तारेचा तुकडा कदापि घालूं नये.