फोटोतून उभी राहणारी वीरगळ

देवळाबाहेर, पाराशेजारी उघड्यावर उभ्या असलेल्या वीरगळी, म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, पावसाने झिजतात, कुणी त्यांना ऑइलपेंट फासतं. अशा दगडाची त्रिमितीय प्रत संगणकात करून ठेवायला महागडा स्कॅनर लागतोच असं नाही. मोबाइलचा कॅमेरा पुरतो. फोटोंवरून अशी प्रत करण्याच्या तंत्राला फोटोग्रामेट्री म्हणतात.

एका फोटोत खोली हरवते. पण जागा बदलून दुसरा फोटो काढला, की जवळचं जास्त सरकलेलं दिसतं, लांबचं कमी. त्या फरकावरून अंतर काढता येतं. जर्मन वास्तुविशारद आल्ब्रेख्त मायडेनबाउअर १८५८ साली वेट्झलारच्या कॅथीड्रलची मापं घेताना उंचावरून पडता पडता वाचले, आणि इमारती फोटोवरून मोजायच्या हे त्यांच्या मनाने घेतलं.

आज हे मोजमाप सॉफ्टवेअर करतं. कोरलेल्या घोड्याच्या खुराची कड, दगडाचा उडालेला टवका अशा खुणा ते प्रत्येक फोटोत हेरतं आणि तीच खूण इतर फोटोंत कुठे आहे ते जुळवतं. खूण नेमकी कुठे आणि कॅमेरा कुठे होता, ही दोन्ही उत्तरं ते एकत्रच काढतं; मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. मग लाखो बिंदू, त्यांना जोडणारे त्रिकोण, वर फोटोतला रंग.

खरं काम मात्र दगडापाशीच होतं. ढगाळ दिवस निवडा. उन्हात सावल्या सरकतात. एका जागी उभं राहून फोन फिरवू नका, त्यातून खोली मिळत नाही. अर्धं पाऊल सरकायचं, फोटो घ्यायचा. शेजारच्या दोन फोटोंत निदान दोन तृतीयांश भाग सामाईक हवा. झूम बदलायचा नाही. तेलाने चकाकणारा शेंदूर त्रास देतो, कारण चमक प्रत्येक फोटोत जागा बदलते. शेजारी मोजपट्टी ठेवाच. नुसत्या फोटोंवरून आकार कळतो, माप नाही.

मॉडेल तयार झालं की रंग काढून टाका आणि पडद्यावरचा उजेड एका बाजूने तिरपा पाडा. डोळ्यांना न दिसलेली झिजलेली तलवार कधी कधी अशी उमटते.

मेशरूम आणि कोलमॅप ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. पण मॉडेल आज जमलं नाही तरी फोटो काढून ठेवा. बामियानचे प्रचंड बुद्धपुतळे २००१ साली उद्ध्वस्त झाले, त्यानंतर झुरिकच्या संशोधकांनी त्यातल्या मोठ्या बुद्धाचं मॉडेल जुन्या फोटोंवरूनच उभं केलं. मूळ फाइली तशाच जपा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत बारकावे उरत नाहीत.